गोळ्या मोजणारा कॅमेरा

कॅमेऱ्याचं काम करते असं सांगितलं की लोक लगेच आपल्या घरच्या लग्नाची तारीख सांगतात. मग मला खुलासा करावा लागतो. माझे कॅमेरे माणसांचे फोटो काढत नाहीत. ते औषधाच्या गोळ्यांचे, बाटल्यांच्या झाकणांचे, साबणाच्या वेष्टनांचे फोटो काढतात, दिवसभर, न थांबता, आणि त्यातला एकही फोटो कुणी कधी भिंतीवर लावत नाही. कारखान्यात पट्ट्यावरून माल सरकत असतो, वर कॅमेरा टांगलेला असतो. तो प्रत्येक नगाचा फोटो काढतो, कॉम्प्युटर तो तपासतो, आणि काही खोट दिसली तर हवेचा फटकारा मारून तो नग बाजूच्या टोपलीत उडवतो. हे कॅमेरे निवडायचे, बसवायचे आणि त्यांनी शहाणपणा सोडला की त्यांना ताळ्यावर आणायचं, हे काम मी पंचवीस वर्षं केलं. म्हैसूरच्या मेटगळ्ळीपासून कडकोळपर्यंत असे बरेच कारखाने आहेत, जिथले गेटवाले मला नावानं ओळखतात आणि जिथल्या कँटीनचा चहा मी नाइलाजानं प्यायलेला आहे.

आमचं घराणं शिंप्यांचं. पिढ्यानपिढ्या म्हैसुरात. घरात विठ्ठलाची भजनं मराठीत, गिऱ्हाइकाशी बोलणं कानडीत, आणि आपसातलं भांडण दोन्हींत. वडिलांना शेवटपर्यंत कळलं नाही की मी नक्की काय करते. "कॅमेऱ्याला चष्मा लावती ती," असं ते लोकांना सांगायचे. अगदीच चुकीचं नव्हतं ते.

या धंद्यातली अर्धी भांडणं उजेडावरून होतात. कॅमेऱ्याच्या आत पूर्वी फिल्म असायची, आता तिथे सेन्सर असतो. नखाएवढी चौकोनी चकती, आणि तिच्यावर उजेड टिपणारे लाखो बारीक ठिपके. त्या चकतीवर किती उजेड पडू द्यायचा आणि किती वेळ, याला एक्स्पोजर म्हणतात. घरच्या फोटोत एक्स्पोजर चुकलं तर मामा काळा दिसतो आणि मामी सोडून कुणाची तक्रार नसते. कारखान्यात चुकलं तर चांगला माल टोपलीत जातो, किंवा वाईट माल खोक्यात.

गिऱ्हाईक म्हणून आलेला जवळजवळ प्रत्येक माणूस पहिल्यांदा स्वतःचा फोन खिशातून काढतो. मेटगळ्ळीत फिनाइलच्या बाटल्या भरणारे एक गृहस्थ होते. त्यांनी माझ्यासमोर फोन नाचवला, "यात तुमच्यापेक्षा दसपट मेगापिक्सेल आहेत मेडम," म्हणाले, आणि माझा कॅमेरा परत पाठवून बाजारातला एक स्वस्त आणून बसवला. महिन्याभरानं त्यांचाच फोन. सगळ्या बाटल्या तिरक्या दिसतायत. त्यांनी फिटरला झापलं होतं, पट्ट्याखाली लेव्हल लावून बघितली होती, बाटल्या पुरवणाऱ्याशी कचाकचा भांडण केलं होतं. बाटल्या सरळच होत्या. त्या कॅमेऱ्याचा सेन्सर चित्र एकदम न टिपता वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत एकेक ओळ टिपत जात होता, आणि तो खाली पोचेपर्यंत पळती बाटली थोडी पुढे गेलेली असायची. पळत्या मालाला सगळ्या ओळी एका क्षणात टिपणारा सेन्सर लागतो. हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, याची त्यांना मी अगदी गोड आवाजात आठवण करून दिली. त्या दिवशीचं समाधान अजून पुरतंय.

मेगापिक्सेलचं कोडं मी इडलीवरून समजावते. सेन्सर म्हणजे इडलीची ताटली धरा. पीठ, म्हणजे उजेड, वरून सारखाच पसरतोय. ताटली तेवढीच ठेवून तुम्ही तिच्यात चारऐवजी चाळीस खड्डे पाडलेत तर प्रत्येक खड्डा बटन इडलीचा होणार, त्यात पीठही तेवढंच मावणार. खड्डे मोठे हवेत तर ताटली मोठी घ्या किंवा खड्डे कमी करा. शिवाय रंगीत सेन्सर असेल तर प्रत्येक खड्ड्यावर लाल, हिरवी किंवा निळी काच बसवलेली असते. ती आपल्या रंगाचा उजेड आत सोडते, बाकीचा अडवते. म्हणजे अर्ध्याहून जास्त पीठ बाहेरच. म्हणून जिथे रंगाचं काम नाही तिथे मी कृष्णधवल सेन्सर घेते. गिऱ्हाइकांना तो जुनाट वाटतो, पण कमी उजेडात त्याच्याइतकं चोख दुसरं कुणी बघत नाही.

उजेड कमी पडला तर काय करायचं? एक, शटर जास्त वेळ उघडं ठेवायचं. पण माल पळता असेल तर चित्र पुसट येतं. दोन, दिवे वाढवायचे. तीन, लेन्सचं तोंड जास्त उघडायचं. आणि काहीच जमलं नाही तर गेन वाढवायचा, म्हणजे आलेलं चित्र आतल्या आत फुगवायचं. रेडिओचा आवाज वाढवला की गाण्याबरोबर खरखरही वाढते, तसंच चित्रातही होतं. सगळीकडे पांढरे कण दिसायला लागतात. गेन ही शेवटची वाट, हे मी शिकाऊ पोरींना पन्नासदा सांगितलं असेल. आणि तरी जी गोष्ट आज लिहायला बसले आहे, तीत मी स्वतः ती वाट धरली. तीही फोनवरून.

कडकोळच्या पलीकडे एक औषधांचा कारखाना आहे. नाव लिहीत नाही. तिथे फिक्या पिवळ्या गोळ्यांच्या पट्ट्या व्हायच्या. पारदर्शक प्लास्टिकच्या रुंद पट्टीत ओळीनं खण पडायचे, खणांत गोळ्या पडायच्या, वरून माझा कॅमेरा बघायचा की प्रत्येक खणात गोळी आहे ना, आणि मग वर चंदेरी पत्रा चिकटून पट्ट्या कापल्या जायच्या. गोळी चित्रात उजळ दिसायची, रिकामा खण काळा. इतकं सोपं. रिकाम्या खणाची पट्टी टोपलीत उडायची.

टोपलीपाशी रत्नम्मा बसायच्या. नंजनगूडच्या बाजूच्या एका खेड्यातून बसनं यायच्या, वय माझ्याएवढंच, कारखाना सुरू झाल्यापासून तिथेच. टोपलीतली प्रत्येक पट्टी उलटसुलट बघायची, खरंच खोट असेल तर फेकायची, आणि कॅमेऱ्यानं उगीच उडवली असेल तर पुन्हा चांगल्या मालात ठेवायची, हे त्यांचं काम. हे हातानं परत ठेवणं मला कधीच पसंत नव्हतं. पण त्या कारखान्याची ती रीत होती आणि रत्नम्मांचा डोळा असा होता, की मी स्वतः कधीकधी कॅमेरा लावताना त्यांना विचारायची.

दोन वर्षांपूर्वी कारखान्याला नवा कॅमेरा हवा झाला. क्वालिटीचे प्रमुख लोकेश म्हणून आहेत, हुशार माणूस, पण बाहेरचे तपासनीस येणार म्हटलं की त्यांची झोप उडते. जुना कृष्णधवल होता, त्यांना रंगीत हवा होता, म्हणजे दुसऱ्या रंगाची गोळी चुकून आली तर तीही पकडली जाईल. मागणी रास्त होती. मी रंगीत घेतला आणि काचांनी उजेड खाल्ला जाणार म्हणून मुद्दाम मोठ्या सेन्सरचा घेतला. इथवर माझं डोकं ठिकाणावर होतं.

चुकले ते लेन्समध्ये. जुनी लेन्स माझ्या आवडीची होती, मीच निवडलेली, आणि नव्या कॅमेऱ्यावर तिचे आटे बरोब्बर बसत होते. नवी मागवायची तर काही आठवडे लागले असते, आणि लाइन सोमवारी सुरू व्हायची होती. मी जुनीच फिरवून बसवली. लेन्समधून येणारा उजेड गोल पडतो आणि सेन्सर असतो चौकोनी. जुना सेन्सर लहान होता, तो त्या गोलात आरामात मावायचा. नव्याचे चारही कोपरे गोलाच्या काठावर जाऊन टेकले. ऑफिसात टेबलावर मी लेन्सचं तोंड बारीक ठेवून पांढऱ्या कागदाचा फोटो काढून बघितला तेव्हा कोपरे बऱ्यापैकी होते. कारखान्यात उजेड अपुरा पडला म्हणून मी तोंड पूर्ण उघडलं, आणि तोंड उघडलं की कडा आणखी काळवंडतात. हे मला माहीत नव्हतं असं नाही. नव्या चित्रात रंग इतके छान दिसत होते की मी चित्राच्या मधोमधच बघत राहिले, कोपऱ्यांकडे नजर गेलीच नाही.

पहिल्या पंधरवड्यात टोपली भरून वाहायला लागली. मी त्या वेळी भाचीच्या साखरपुड्यात होते, हातात पेढ्यांचं ताट. लाइनवरच्या मुलाचा फोन आला, "मेडम, चांगल्याच गोळ्या उडवतोय, माल निघेना." मी एका कोपऱ्यात जाऊन त्याला सांगितलं, मेन्यूत जा, गेन आहे तिथे हा आकडा घाल. त्यानं घातला. पाच मिनिटांनी त्याचा पुन्हा फोन, "आगोय्तु मेडम," म्हणजे झालं काम. मी ताट घेऊन परत आत गेले. दुसऱ्या दिवशी जाऊन बघायचं होतं. नाही गेले. त्या आठवड्यातही नाही, पुढच्याही नाही.

चार महिन्यांनी लोकेशांनी बोलावलं. बाजारातून तक्रार आली होती. पट्टीत एक खण रिकामा. मग दुसरी तक्रार, तिसरी. लोकेशांनी माझ्यापुढे कागद सरकवला. कॅमेरा ठरल्या कसोटीप्रमाणे उत्तम चालतो आहे, असं माझ्या नावानं लिहून तयार होतं. फक्त सही हवी होती.

"मग या पट्ट्या गेल्या कुठून?" मी विचारलं.

"आणखी कुठून? टोपलीतून. रत्नम्मानं परत ठेवल्या. वय झालं मेडम, डोळे गेले." त्यांनी फाइल उघडून दाखवली. "तिनं लिहून पण दिलंय. माझ्याकडून चूक झाली म्हणून."

रत्नम्मांच्या निवृत्तीला आठ महिने राहिले होते. चौकशी सुरू होती आणि तोवर त्यांना लाइनवर यायला बंदी होती. माझ्या सहीचा कागद फाइलला लागला की काढून टाकण्याची चिठ्ठी निघणार, हे लोकेशांनी सांगितलं नाही, पण न सांगताही कळत होतं. आणि हेही खरं, की त्याच कारखान्याच्या नव्या शेडमधल्या चार लाइनींचं काम मला मिळायचं होतं.

मी कॅमेऱ्याच्या बाजूची होते, हे कबूल केलं पाहिजे. माझा कॅमेरा चुकतो असं मला वाटलंच नाही. "आधी कसोटी बघते, मग सही," म्हणाले आणि लाइनवर गेले.

रोज पाळी सुरू होताना कॅमेऱ्याची परीक्षा घेतात. मशीनच्या काचेला मधोमध एक झडप आहे. तिथून हात घालून एका खणातली गोळी उचलायची आणि कॅमेरा ती पट्टी उडवतो का बघायचं. मी तीनदा गोळी उचलली. कॅमेऱ्यानं तीनदा पट्टी उडवली. लोकेश हसले. मीही हसले असेन.

शेडच्या दाराशी रत्नम्मा उभ्या होत्या. चौकशीसाठी बोलावलं होतं, कुणीतरी इथे पाठवून दिलं होतं. आत यायची परवानगी नसल्यानं त्या बरोबर उंबऱ्यावर थांबल्या होत्या. मी बाहेर पडताना त्यांनी मला अडवलं. बोलणं सगळं कानडीतलं, इथे मराठीत देते.

"मेडम, गोळी मधलीच का उचलता?"

"झडप तिथे आहे. हात तिथेच पोचतो."

"पण माझ्या टोपलीत मधल्या पट्ट्या येत नव्हत्या. नवा कॅमेरा आला तेव्हा कडेच्या यायच्या, ढिगानं, पट्टीवरच्या रांगेच्या आकड्यावरून कळतं ते. सगळ्या चांगल्या. आणि एक दिवस एकदम यायच्या थांबल्या. कडेच्या चांगल्याही नाहीत, वाईटही नाहीत. काहीच नाही. मी त्या मुलाला विचारलं, तो म्हणाला मेडमनी फोनवर दुरुस्त केलं."

"हे तुम्ही चौकशीत सांगितलं नाहीत?"

"त्यांनी विचारलं, तुझ्या डोळ्याला दिसतं का. मी म्हटलं, दिसतं. मग म्हणाले, दिसत असून ठेवलीस म्हणजे आणखी वाईट. मग त्यांनी सांगितलं ते लिहिलं." त्या पुढे म्हणाल्या, "आठ महिने राहिलेत, मेडम. भांडले तर हातचं जाईल म्हणून सही केली. आता सही केली म्हणूनच जातंय."

मला तिथेच सगळं कळलं. तरी मी परत आत गेले आणि लोकेशांना म्हटलं, कडेच्या खणातली गोळी काढून कसोटी घ्यायची आहे. ते म्हणाले, कडेला पोचायचं तर मशीन थांबवून सगळं आवरण काढावं लागतं, चालू मालात ते होणार नाही. शुक्रवारी माल बदलतो, मशीन तशीही थांबते. मी म्हटलं, मग सही शुक्रवारी. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी लग्नात रुसलेली विहीण आहे.

घरी येऊन पहिल्या दिवशीची साठवलेली चित्रं उघडली. मधल्या गोळ्या लखलखीत, कोपऱ्यातल्या गोळ्या मळकट. म्हणून कॅमेरा त्यांना रिकामे खण समजून उडवत होता. मग मी गेन वाढवला, कोपऱ्यातल्या गोळ्या उजळल्या, उडवणं थांबलं. पण कोपऱ्यातला रिकामा खणही उजळला. प्लास्टिकची चकाकी आणि वाढलेले पांढरे कण मिळून कॉम्प्युटरला तिथे गोळी दिसायला लागली. एका फोनमधल्या एका आकड्यानं मी त्या यंत्राचे चार कोपरे आंधळे केले होते, आणि रोजची परीक्षा नेमकी तिथे घेतली जात होती जिथे त्याला चांगलं दिसत होतं. मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी जेवले नाही.

वडिलांचं दुकान आता अण्णा, माझा थोरला भाऊ, चालवतो. त्याच्याकडे जाऊन बसले. सगळं ऐकून घेतल्यावर तो म्हणाला, "सुम्ने उगीच कशाला गं उघडी पडतीस? लेन्स बदल, आकडा खाली घे, अष्टेच की, एवढंच. कोणाला कळतंय?"

"आणि रत्नम्मा?"

अण्णा मशीनवर पाय थांबवून बसला. दुकानात मागे काजं करणारी एक बाई असते, बरीच वर्षं. तिच्याकडे बघत तो म्हणाला, "गेल्या वर्षी मी एक कोट चुकून आखूड कापला. गिऱ्हाइकासमोर हिलाच ओरडलो, बटनं वर लावलीस म्हणून. ती काय बोलली नाही. आजून बोलत नाही त्यावर." मग त्यानं पुन्हा पाय चालवला. "जा तू शुक्रवारी. सांगून टाक."

शुक्रवारी मी सकाळीच गेले. माल बदलायला दुपार झाली. लोकेश दोनदा येऊन म्हणाले, मेडम तुम्ही जा, मी करून घेतो आणि कळवतो. मी कँटीनच्या खुर्चीवरून हलले नाही. तो चहा तीन वेळा प्यायले. शेवटी मशीन थांबली, आवरण निघालं. मी एका कोपऱ्याच्या खणातली गोळी काढली, मशीन चालू केली. पट्टी निमूटपणे चांगल्या मालात जाऊन पडली. पुन्हा काढली. पुन्हा तेच. चारही कोपरे, प्रत्येकी दहा वेळा. जेमतेम एक तृतीयांश पट्ट्या उडाल्या, बाकीच्या रिकाम्या खणांसकट पुढे गेल्या. लोकेश माझ्या शेजारी उभे होते. त्यांचा चेहरा उतरला, आणि मला त्यांची दयाही आली, कारण आता बाजारात गेलेला माल परत बोलवावा लागणार होता आणि वर उत्तर त्यांना द्यायचं होतं.

केबिनमध्ये दार लावून ते म्हणाले, "मेडम, एक ऐका. लेन्स बदला, कसोटीत कोपरे घाला. मी आजच सही देतो. माल मी परत बोलावतो, कारण टोपली म्हणून दाखवतो. तिनं कबूल केलंच आहे. तुमचं नाव कशाला मधे? नव्या शेडचं काम तुमचंच आहे."

"तिनं कबूल केलेलं तिनं केलेलंच नाही."

"कागदावर आहे."

"मग माझं पण कागदावर घ्या."

मी तिथेच त्यांच्या कॉम्प्युटरवर बसून अहवाल लिहिला. इंग्रजीत, कारण फाइल इंग्रजीतली. सेन्सर मोठा घेतला, त्याला पुरणारी लेन्स घेतली नाही. लेन्सची निवड माझी. जागेवर न जाता फोनवरून गेन वाढवायला सांगितला, तो निर्णय माझा. त्यानंतर कडेच्या खणांची पट्टी टोपलीत येणंच बंद झालं, त्यामुळे ती टोपलीवरच्या कामगाराच्या हातातून जाणं शक्य नाही. हे शेवटचं वाक्य लिहिताना मी प्रत्येक शब्द दोनदा तपासला. लोकेशांनी वाचलं आणि विचारलं, "शेवटचं काढता येईल का?" मी म्हटलं, "बाकीचं काढा हवं तर. ते राहू दे."

ते राहिलं. माल परत आला. नवी लेन्स यायच्या आधी मी लाइनवर जुना कृष्णधवल कॅमेरा परत चढवला, आणि नंतरही तोच राहिला. दुसऱ्या रंगाची गोळी ओळखायला त्याच्या अलीकडे वेगळा छोटा कॅमेरा लावला, त्याला मोजण्याचं काम दिलं नाही. परीक्षेसाठी झडपा आता चार कोपऱ्यांना आहेत. नव्या शेडचं काम दुसऱ्याला गेलं. मला त्याचं वाईट वाटलं, वाटायचंच. त्या चार लाइनी मी मनात कधीच लावून टाकल्या होत्या, दिव्यांच्या कोनासकट.

रत्नम्मांची चौकशी बंद झाली. पण त्यांनी लिहून दिलेला कबुलीचा कागद फाइलमधून काढता येणार नाही, असं ऑफिसनं सांगितलं. फाइलमधला कागद काढायची पद्धत नाही, फक्त माझा अहवाल त्याच्यामागे जोडतील. मी तीनदा खेटे घातले, वर पत्र दिलं. शेवटी त्यांनी त्या कागदावर आडवी रेघ मारून खाली "चुकीच्या माहितीवरून" असं लिहिलं. तेवढंच मिळालं.

त्या कामावर परत आल्या त्या दिवशी मी गेले होते. पाळी सुरू व्हायची होती, लाइनवरच्या दहाबारा बायका आणि मुलं टोप्या घालत होती. माझ्या मनात होतं की बाजूला नेऊन माफी मागावी. रत्नम्मांनी मला बाजूला येऊच दिलं नाही. त्या आपल्या टोपलीपाशी बसल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "तुम्ही काय लिहिलंय ते मला इंग्रजीत वाचता येत नाही. कानडीत सांगा."

मी पिशवीतून अहवालाची प्रत काढली आणि कानडीत सांगायला लागले. सेन्सरचं सांगितलं, लेन्सचं सांगितलं. त्या मान हलवत होत्या, पण ते त्यांना नको होतं हे दिसत होतं. मग मी सांगितलं की फोनवरचा तो आकडा मी दिला, बघायला मी आले नाही, चूक माझी आहे, आणि रत्नम्मांच्या हातून एकही रिकामी पट्टी गेलेली नाही.

मागे कुणीतरी मशीनचं बटन दाबलं होतं. पट्टा घरघरत सुरू झाला आणि माझं शेवटचं वाक्य त्यात बुडालं. रत्नम्मांनी हात वर करून त्या मुलाला मशीन बंद करायला लावली. सगळे थांबले.

"इन्नोम्मे हेळि," त्या म्हणाल्या. पुन्हा एकदा सांगा.

मी पुन्हा सांगितलं. या वेळी मोठ्यानं.